एकदाच साहेबांची दुसरी फेरी

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ढगाळ, दहानंतर ऊन. दूध अर्धा लिटर जादा घेतलं, त्यातलं थोडं नासलं. स्टुडिओत सहा गिऱ्हाइकं. पैकी एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो पेन्शन कचेरीने परत पाठवला आहे, डोळे मिटलेले म्हणून. दुसरा काढायला ह्यांनी नकार दिला. डार्करूमचा नळ अजून गळतो आहे. हे दुपारभर वरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते.

ही नोंद वैमानिकाच्या बायकोची. शाळेत असताना नन्सनी तिला रोज वही लिहायची सवय लावली. आधी तारीख, मग वार, मग हवा, मग घडलेलं. "काय घडलं ते वहीत लिहावं, कसं वाटलं ते प्रार्थनेत सांगावं," असं तिच्या वर्गाच्या सिस्टर म्हणत. शाळा सुटली, लग्न झालं, घरं बदलली, वही मात्र सुटली नाही. पण त्या मंगळवारी तिने आयुष्यात पहिल्यांदा वहीला फसवलं. 'एका म्हाताऱ्या बाईंचा' एवढंच लिहिलं. बाई कोण होत्या ते तिला दुपारीच कळलं होतं, आणि ते लिहायला हात धजावला नव्हता.

वैमानिक आता वैमानिक नव्हता. आठ वर्षं तो फोटोग्राफर होता. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या, मधे अरुंद लाकडी जिना. त्या जिन्याची चौथी पायरी दिवसातून निदान तीस वेळा करकरायची, कारण हा माणूस घरात कधी टेकला म्हणून नाही. जेवायचा तो ओट्याला पाठ लावून, ताट हातात घेऊन. वर्तमानपत्र चालता चालता वाचायचा, पान उलटायचं ते खिडकीशी. चहाचा पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा जिन्यात, आणि उरलेला कप संध्याकाळी डार्करूमच्या फळीवर रसायनांच्या बाटल्यांत सापडायचा. कप हुडकत फिरणं हे बायकोचं रोजचं काम होऊन बसलं होतं. दर दोन महिन्यांनी तो स्टुडिओतलं टेबल उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे हलवायचा. एवढा धडपड्या माणूस, पण गळक्या नळासमोर वीस मिनिटं मांडी घालून बसणं त्याला चार महिन्यांत जमलं नव्हतं.

गावात त्याचं नाव पडलं होतं 'एकदाच साहेब'. नाव ठेवलं शेजारच्या शिंप्याने. झालं असं, की स्टुडिओत एका माणसाचा एकच फोटो निघायचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की साहेब ठरलेल्या क्रमाने एकेका वस्तूला बोट लावायचा: दिवा, पडदा, स्टँड, फिल्म, लेन्सवरचं झाकण. ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. मधे कोणी बोललं, की पुन्हा दिव्यापासून सुरुवात. मग कॅमेऱ्यामागे जाऊन म्हणायचा, "सरळ... सरळ... हलायचं नाही... झालं!" आणि झालं म्हणजे खरोखरच झालं. दिवा बंद.

"अहो साहेब, मी शिंकलो की!"

"मग शिंकतानाचा फोटो मिळेल."

एका लग्नात नवरीचे काका उशिरा आले आणि "आमच्याशिवाय कसा काढला? पुन्हा काढा," म्हणून आवाज चढवू लागले. साहेबाने कॅमेरा पेटीत घातला आणि तो सरळ चालत घरी आला. तेव्हापासून लग्नाची कामं बंद. पण एक खरं, एकच संधी आहे म्हटल्यावर माणसं श्वास रोखून बसत आणि त्यांचे फोटो बहुधा चांगले येत. शिंपी म्हणायचा, "माझं चुकलं तर मी उसवून पुन्हा शिवतो बाबा. साहेबांच्या दुकानात उसवण नाही."

हा नियम कुठून आला ते बायकोला अर्धंच ठाऊक होतं.

विमानदलातही त्याचं काम फोटो काढण्याचंच होतं. विमानाच्या पोटात कॅमेरा, खाली शत्रूचे पूल आणि रस्ते. फोटो स्पष्ट यायचा तर विमान चाळीस सेकंद रेषेवर ठेवल्यासारखं सरळ न्यावं लागे. मान वळवायची नाही, उंची बदलायची नाही. म्हणजे खालच्या तोफांना आयतं सावज. म्हणून त्या लोकांचा एक कडक नियम होता: एका जागेवरून दोनदा जायचं नाही. पहिल्या फेरीला खालचे लोक दचकतात. दुसऱ्या फेरीला ते वाट पाहत बसलेले असतात.

त्याच्या मागे आणखी एक विमान असे, पाठ राखायला. ते चालवायचा त्यांच्या तुकडीतला सगळ्यांत लहान मुलगा. त्याला सगळे 'धाकटा' म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो यांच्या क्वार्टरवर जेवायला यायचा आणि बायकोच्या वहीत डोकावायचा.

"वहिनी, माझ्याबद्दल काय लिहिता हो?"

"तिसऱ्यांदा वाढून घेतलंस, एवढंच."

"हवा लिहिता रोज, आणि मी काय हवेपेक्षा कमी?"

लढाई सुरू झाली. सहाव्या दिवशी दोन विमानं एका पुलाचा फोटो आणायला गेली आणि एकच परत आलं. अहवालात लिहिलं गेलं, की ढग आड आले म्हणून दुसरी फेरी घ्यावी लागली आणि दुसऱ्या फेरीत धाकटा पडला. धाकट्याच्या आईला पत्र साहेबानेच लिहिलं, खाली स्वतःचं नाव न घालता नुसतं 'तुकडीतर्फे', आणि त्यानेच नेऊन टाकलं. सात महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. कारण लिहिलं 'कान'. कानाला काहीएक झालं नव्हतं.

मग सुरू झाली वणवण. शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानाची नोकरी, ती पाच महिने. यंत्रांच्या कारखान्यात देखरेख, ती वर्षभर. मोठ्या शहरातल्या वर्तमानपत्रात फोटोग्राफर, तिथून त्याला काढलं, कारण एका पुढाऱ्याने जांभई दिली आणि याने दुसरा फोटो घ्यायला साफ नकार दिला. चार वर्षांत पाच घरं. बायकोने भांडी बांधायची आणि सोडायची, सोडायची आणि बांधायची. शेवटी एके दिवशी तो घरी आला आणि त्याने या गावाचं नाव घेतलं.

"तिथे आपलं कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

"जायचं आहे."

ती आली. गाव बरं होतं, शेजार बरा होता, पण दोन गोष्टी तिला कधी उमगल्या नाहीत. पोस्टामागच्या गल्लीतून तो कधी जायचा नाही, सायकल लांबून वळसा घालून न्यायचा. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला अकराच्या सुमारास, कितीही काम असलं तरी, तो दुकानाच्या काचेशी उभा राहून रस्त्याकडे पाहत राहायचा. तिला वाटायचं, असेल एक खूळ. खुळांची काय कमी होती?

पेन्शन कचेरीने यंदापासून हयातीच्या दाखल्याला फोटो सक्तीचा केला, आणि त्यापायी मागच्या आठवड्यात एक म्हातारी स्टुडिओत आली. बायको त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. फोटो साहेबाने एकट्यानेच काढला, धुतला, पाकिटात घालून दिला. नोंदवहीत नाव लिहिलं नाही, नुसता आकडा टाकला.

मंगळवारी म्हातारी पुन्हा आली तेव्हा टेबलाशी बायको होती. म्हातारीने पाकीट समोर आपटलं.

"बाई, तुमच्या मालकांनी मला मारून टाकलं."

"म्हणजे?"

"बघा की. डोळे मिटलेत. कारकून म्हणतो, हयातीच्या दाखल्यावर असला फोटो चालत नाही. मी म्हटलं, अरे, मी तुझ्यापुढे उभी आहे ना धडधडीत! तर म्हणतो, आजी, तुम्ही उभ्या आहात हो, फोटो नाही. आणि परवा गुरुवारी खिडकी बंद. मग पुढल्या वर्षापर्यंत मी मेलेली."

बायकोला हसू आलं. ती अर्ज वाचू लागली आणि हसू जागच्या जागी थिजलं. तिसऱ्या रकान्यात मुलाचं नाव होतं, पुढे हुद्दा, पुढे मृत्यूची तारीख. ती तारीख तिच्याकडे वरच्या पेटीत होती, बारा वर्षांपूर्वीच्या वहीत.

इतक्यात साहेब डार्करूममधून हात पुसत बाहेर आला आणि दारातच थबकला.

"दुसरा काढून दे रे बाबा," म्हातारी म्हणाली.

"मी दुसरा काढत नाही."

"का?"

"पद्धत आहे."

"मग पहिलाच नीट काढायचास!"

दारातून शिंप्याने मान आत घातली. "आजी, डोकं आपटून उपयोग नाही. पुढच्या गावी आहे एक स्टुडिओ. बसने दोन तास."

"माझे गुडघे बसच्या पायरीला नाही म्हणतात. आणि गावात फोटोवाला असताना मी का मरायला जाऊ तिकडे?"

साहेब वळला. दिव्याच्या स्टँडवर आदळला, तो सावरला, आणि जिना चढून गेला. चौथी पायरी करकरली.

म्हातारीने अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "उद्या दहाला येते. त्यांना सांगा, म्हातारी चिवट आहे."

साडेसहाला बायको चहा घेऊन वर गेली. तो खिडकीपासून दारापर्यंत नऊ पावलं टाकत होता आणि दारापासून खिडकीपर्यंत नऊ.

"त्या धाकट्याच्या आई आहेत," ती म्हणाली.

पाचव्या पावलावर तो थांबला. "हो."

"म्हणून आपण या गावात आलो? म्हणून पहिल्या तारखेला, त्या पेन्शनला जाताना, काचेशी उभे राहता?"

"हो."

"आठ वर्षं! आणि मला चकार शब्द नाही?"

"त्या सालची वही काढ."

"वहीचं काय आता?"

"काढ तर. त्या दिवशीची हवा वाच."

तिने पेटी उघडली, कापडात गुंडाळलेल्या वह्या बाजूला केल्या, पान शोधलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. "आकाश स्वच्छ. ऊन कडक. गाद्या गच्चीवर टाकल्या, तीनला उचलल्या."

"तिथेही तसंच होतं. ढग औषधालासुद्धा नव्हता."

तो पुन्हा चालू लागला, आणि चालता चालताच त्याने सांगितलं. कॅमेऱ्याच्या काचेवर एक झाकण असायचं, उडताना धावपट्टीवरचे खडे लागू नयेत म्हणून. वर गेल्यावर बटण दाबून ते उघडायचं. उड्डाणात एकेक ओळ वाचून करायच्या कामांच्या यादीतली ती अकरावी ओळ. दहाव्या ओळीवर असताना तळावरून कोणी काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, आणि तो बाराव्या ओळीवर गेला. चाळीस सेकंद पूल खालून सरकला आणि कॅमेऱ्याने बंद झाकणाचे फोटो काढले. वळताना त्याला कळलं. रेडिओवर म्हणाला, पुन्हा जायचंय. धाकटा म्हणाला, "साहेब, दोनदा नाही असं तुम्हीच शिकवलंत ना?" आणि हसला. "चला."

"फोटो आला?" बायकोने विचारलं. काय विचारावं ते न सुचून विचारलं.

"उत्तम आला. पुलाचा एकेक खांब मोजता येतो."

चहा थंड होत होता.

"मग हे त्यांना कोण सांगणार? मी?"

"त्यांना फोटो हवाय. माझं रडगाणं नको आहे."

"मग निदान फोटो तरी द्या!"

"तुला कळत नाहीये. पुन्हा एकदा असं म्हणायला तोंड उघडलं की..."

"इथे खालून तोफा कोण डागणार आहे? शिंपी?" ती म्हणाली, आणि आपल्या आवाजाला इतकी धार आहे हे तिला स्वतःलाही नवीन होतं. "त्यांचे डोळे तुमच्या फोटोत मिटलेत. गुरुवारी खिडकी बंद होते. बघा तुम्ही."

कप घेऊन ती खाली गेली. निदान एक कप तरी त्या दिवशी शोधावा लागला नाही.

बुधवारी तो आठपासूनच स्टुडिओत होता. स्टूल पुढे घेतलं, मागे घेतलं. पडदा झटकला. दाढी करताना गालाला दोन ठिकाणी कापलं होतं. म्हातारी पावणेदहाला आली आणि एक शब्द न बोलता स्टुलावर जाऊन बसली, पिशवी मांडीवर. बायको टेबलाशी उभी राहिली. तिला तिथे काही काम नव्हतं.

साहेबाने दिव्याला बोट लावलं. पडदा. स्टँड. फिल्म. लेन्सच्या झाकणावर हात गेला आणि तिथेच राहिला. मग तो मागे येऊन पुन्हा दिव्यापासून निघाला. पुन्हा झाकणाशी थांबला. तिसऱ्यांदाही तेच.

"काय रे, अडकलं का?" म्हातारीने विचारलं.

"झाकण राहिलं होतं."

"मग काढ की."

"त्या दिवशी." त्याचा हात झाकणावरच होता. "त्या दिवशी माझ्याकडून झाकण उघडायचं राहिलं होतं. म्हणून दुसऱ्यांदा गेलो. तो माझ्यामागे होता. ढग नव्हते."

डार्करूममध्ये नळ टपकत होता. बायकोने अकरा थेंब मोजले.

"पत्रात ढग होते," म्हातारी म्हणाली.

"पत्र मी लिहिलं."

"तू होय." तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. "बारा वर्षं मी ढगांना शिव्या घालते. आभाळ भरून आलं की खिडक्या लावून घेते घरातल्या. शेजारीण म्हणते, आजींना गार वारा सोसत नाही." तिने पिशवीचा बंद एका बोटाला गुंडाळला, सोडला. "आता कोणाला घालू?"

"मला."

"तुला घालायच्या त्या सवडीने घालेन. आधी फोटो काढ. कचेरी एकला बंद होते."

त्याने झाकण काढलं. कॅमेऱ्यामागे गेला. पण तोंडातून शब्द फुटेना.

"म्हण ना," म्हातारी म्हणाली.

"काय?"

"गेल्या खेपेला म्हणालास ते. सरळ, सरळ. तो सुट्टीवर यायचा ना, मला दारात फोटोला उभी करायचा नि अस्संच म्हणायचा. हलायचं नाही! मी म्हणायची, कुठून शिकलास रे हे हुकूम सोडायला? तर नुसता हसायचा. त्या दिवशी इथे बसले होते, तर दिव्यामागून तेच ऐकू आलं. म्हणून डोळे मिटले माझे. कारकुनाला काय सांगणार हे?"

साहेब कॅमेऱ्यामागून बाहेर आला, परत आत गेला. एक पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"सरळ..." तो म्हणाला. "सरळ..."

म्हातारीने डोळे असे फाडले, की भुवया पार पदराखाली गेल्या. हनुवटी थरथरली. तिने दात आवळून ती जागेवर आणली.

"हलायचं नाही..."

तो थांबला. शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं होतं.

"झालं."

"आला का नीट?"

"माहीत नाही."

"मग आणखी एक काढ. बसलेच आहे मी."

त्याने आणखी एक काढला. मग, कोणी सांगितलं नसताना, आणखी एक. बायकोने नोंदवहीत तीन लिहिले आणि पुढे नाव लिहिलं, संपूर्ण.

तासाभराने ओला फोटो पंख्याखाली धरून वाळवला. डोळे उघडे होते, कारकुनाला आता गिळते अशी मुद्रा. म्हातारीने तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"चालेल. जिवंत दिसते."

दाराशी पोचल्यावर ती वळली. "तुला माफ केलं असं समजू नकोस. ते मला अजून ठरवायचंय. रविवारी ये चार वाजता. पोस्टामागची गल्ली. माहीत नाही असं म्हणू नकोस, सायकल लांबून नेतोस ते मी खिडकीतून बघते रोज. आणि आल्यावर बसावं लागेल. उभ्याने मी कोणाला चहा देत नाही."

ती गेली. शिंप्याने डोकं आत घातलं. "साहेब, उसवलंत म्हणे आज!"

"तुझं काम कर," साहेब म्हणाला.

त्या दिवशीही तो ओट्याला पाठ लावूनच जेवला. जिन्याची चौथी पायरी तितक्याच वेळा करकरली. रविवारचं काय होईल, तो त्या घरात खरंच जाईल का, गेला तर खुर्चीवर टिकेल का, हे बायकोला विचारावंसं वाटत होतं. तिने विचारलं नाही. दुपारी तो सायकल घेऊन कुठेसा गेला आणि कागदाची पुडी घेऊन परत आला. मग डार्करूममधून बराच वेळ ठोकाठोक ऐकू येत राहिली.

संध्याकाळी तिने वही उघडली. आधी मंगळवारच्या पानावर 'एका म्हाताऱ्या बाईंचा' हे शब्द एका रेघेने खोडून वर 'धाकट्याच्या आईंचा' असं लिहिलं. मग पान उलटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दिवसभर ऊन. धाकट्याच्या आईंचे तीन फोटो काढले, एक दिला. डार्करूमच्या नळाला नवा वायसर बसवला. नेमक्या मापाचा मिळाला नाही, थोडा मोठा आहे. आठवडाभर लक्ष ठेवायचं.